गुरुवारच्या पडवीलाही अनुदानाच्या हिशोबात धरा

मा. उच्च व तंत्रशिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी वाचनालय सांभाळते. सकाळी आठला दार उघडायला जाते, तेव्हा पायरीवर एक आजोबा आधीच येऊन बसलेले असतात. पेपर ते राशिभविष्यापासून छोट्या जाहिरातींपर्यंत वाचतात, मग दुसरा घेतात आणि त्याच बातम्या पुन्हा वाचतात. अकराला मी कुलूप हातात घेतलं की चष्मा पुसत बसतात. मुलगा नालासोपाऱ्याला, बायको जाऊन चार वर्षं झाली. घरी जायची त्यांना घाईच नसते.

आजोबा निदान येतात तरी. आज्या येत नाहीत, आणि हे पत्र त्यांच्यासाठी लिहिते आहे. 2011 च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. पुरुषांनी मुंबईला जाऊन कमवायचं आणि बाईनं घर राखायचं, ही इथली जुनी रीत. त्याच बाया आता सत्तरी-पंच्याहत्तरीत त्याच घरात एकट्या आहेत. वाचनालयातला पेपरचा बाक पुरुषांचा, असं त्या धरूनच चालतात. त्यात मोतीबिंदू आणि दुखरे गुडघे. वाडीतून चढण चढून पुस्तकासाठी कोण येणार?

म्हणून गेल्या पावसाळ्यात दर गुरुवारी दुपारी मीच एका घराच्या पडवीत पुस्तक घेऊन बसू लागले. मोठ्यानं वाचायचं, एवढंच ठरवलं होतं. पहिल्या दिवशी तिघी आल्या, त्यातली एक मांडीवर सूप घेऊन वाल सोलत होती. चौथ्या गुरुवारी वाचनात भातलावणीचं वर्णन आलं आणि वाल सोलणाऱ्या आजींनी मला थांबवलं. "अशी नाय लावीत गो," म्हणाल्या आणि आवण, म्हणजे भाताची रोपं, कसं काढायचं, मूठ कशी बांधायची, चिखलात उभं राहून पाठ कशी धरते, हे तासभर सांगत राहिल्या. शेवटी जात्यावरची एक ओवी म्हटली. मी ती वहीत उतरवून घेतली आणि वाचून दाखवली. तोंडाला पदर लावून त्यांनी विचारलं, "माझी लिवलीस काय गो?"

त्या वहीला मी पुस्तकासारखा दाखलअंक, म्हणजे नोंदीचा क्रमांक, दिला आणि ती वाचनालयाच्या कपाटात ठेवली. आता नऊ जणी येतात. कोणी गोधडीचे टाके शिकवते, कोणी मुलाला पत्र सांगते आणि मी लिहून घेते. एखादी आली नाही, तर बाकीच्या तिच्या दारात जाऊन हाक मारतात. मला याचंच मोल सर्वांत जास्त वाटतं.

मंत्रीमहोदय, 1967 च्या कायद्यानं गावोगावच्या वाचनालयांना मान्यता आणि अनुदान मिळालं. 2022 साली सरकारनं अनुदानात 60 टक्के वाढ करायचं ठरवलं, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. मात्र अनुदान मिळतं वाचनालयाच्या वर्गाप्रमाणे आणि तो वर्ग ठरतो तो पुस्तकं किती, दैनिकं-नियतकालिकं किती, दार किती तास उघडं, यावर. त्या हिशोबात पडवीतल्या दोन तासांनाही वजन द्या. आमच्यासारख्या छोट्या वाचनालयात एकच माणूस असतो. त्यानं दार उघडं ठेवायचं की पुस्तकांची पेटी उचलून वाडीत जायचं? वाडीत गेलेला वेळ वाचनालय उघडं असल्याचा वेळ म्हणून धरला, तरी निम्मी अडचण सुटेल. मोठ्या टायपातल्या पुस्तकांसाठी आणि वाडीवर जायच्या भाड्यासाठी थोडी रक्कम वेगळी काढून ठेवा.

पुस्तक वाचकाच्या दारी नेता येतं, हे नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं 2009 पासून 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पेट्या फिरवून दाखवलं आहे. त्या पेट्या लोकांच्या देणग्यांवर उभ्या राहिल्या. आमच्या वाडीत देणगीदार नाहीत, मनीऑर्डरीवर दिवस काढलेल्या बायका आहेत. रत्नागिरीत 1828 साली वाचनालय सुरू झालं. तेव्हापासून आज जवळजवळ 200 वर्षं होत आली, पण या नऊ जणींपैकी सात जणी आजवर कुठल्याच वाचनालयाची पायरी चढलेल्या नाहीत.

कोकण दौऱ्यावर आलात, तर एका गुरुवारी दुपारी तीनला आमच्या पडवीत या आणि तासभर ऐकत बसा. वही निम्मी भरली आहे. भातलावणीच्या ओव्या संपल्या, आता त्या लग्नातल्या सांगणार आहेत.

आपली नम्र,
एक ग्रंथपाल