'वृक्षवल्ली'च्या पुढच्या ओळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की वृक्षारोपणाच्या फलकांवर 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं' हमखास दिसतं. दिसावंच. पण फलक पहिल्या ओळीपाशी थांबतो आणि तुकोबा डोंगरावर कशासाठी जात, ते सगळं पुढेच राहतं.

माझं लहानपण वडिलांच्या भुसार दुकानात, गल्ल्याशेजारी बसून वहीतल्या बेरजा करण्यात गेलं. त्यामुळे तुकोबा मला आधी वाण्याच्या घरातला मुलगा म्हणून दिसतात. देहूत त्यांचे वडील बोल्होबा यांचा व्यापार. थोरल्या भावाचं संसारात मन नाही, म्हणून कोवळ्या वयातच दुकान यांच्या गळ्यात आलं. पुढे आईवडील गेले. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ पडला, त्यात एक बायको 'अन्न अन्न' करत गेली. हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितलं आहे. मग धाकट्या भावाच्या वाटणीची कर्जखतं त्याला देऊन आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. उधारीचे कागद असे हातातून सोडायचे म्हणजे काय, ते दुकानदाराच्या लेकीला विचारा. आमच्या वडिलांनी बुडीत खात्यांची वहीसुद्धा शेवटपर्यंत जपून ठेवली होती.

आणि हाच माणूस म्हणतो, 'आम्हां घरीं धन शब्दांचींच रत्नें'. हे धन तो लोकांना वाटायला निघतो. भाषा अजून पेढीवरचीच आहे, माल तेवढा बदलला. त्याच अभंगाच्या शेवटी तर 'शब्दचि हा देव' म्हणून मोकळा होतो. मला वाटतं, आकडे आणि कागद बुडाल्यावर जे हाती उरलं, त्यालाच त्याने देव्हाऱ्यात बसवलं.

गेल्या रविवारी पहाटे तुकोबांच्या भंडारा डोंगरावर गेले होते. वाटेत काही तरुण मुलं भेटली, पाठीवरच्या पिशवीत स्पीकर, मोठ्या आवाजात अभंगच लावलेले. मी म्हटलं, "बाळांनो, जरा बंद करता का? थोडा वेळच." त्यांनी लगेच केलं. आधी काहीच ऐकू येईना. मग वाळलेल्या गवतातून सळसळत वारा आला, मागे कुठेतरी होला घुमला. मी त्यांना 'वृक्षवल्ली'तली पुढची ओळ म्हणून दाखवली, 'जाणवितो वारा अवसरू'. वेळ झाली हे तिथे वाराच सांगतो. त्यातल्या एकाने ती दोनदा म्हणवून घेतली आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवली. 'होय मनासी संवाद' ही शेवटची ओळ स्पीकरच्या आवाजात कशी कळणार?

भंडारा, भामचंद्र, घोरवडेश्वर या तिन्ही डोंगरांच्या पायथ्याशी हा अभंग अखेरच्या ओळीपर्यंत लिहिलेला असावा आणि वर जाताना स्पीकर बंद ठेवण्याची विनंती त्याखाली असावी, एवढंच मागणं आहे. शाळांनीही रोपं लावताना मुलांकडून अख्खा अभंग म्हणून घ्यावा. दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत.

आपली,
एक वाचक, तळेगाव दाभाडे