टी-शर्ट छपाई: आधी हीट प्रेस, प्रिंटर नंतर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणपती दोन महिन्यांवर आले की जळगाव, धुळे, नंदुरबारमध्ये टी-शर्ट छपाईच्या नव्या पाट्या लागू लागतात. त्यातले बरेच जण कर्ज काढून थेट डीटीएफ (डायरेक्ट टू फिल्म, म्हणजे चित्र आधी प्लास्टिक फिल्मवर छापणारा) प्रिंटरच घेतात आणि तिथेच गणित चुकते. पहिल्या वर्षी घ्यायची वस्तू म्हणजे १५ बाय १५ इंचाची चांगली हीट प्रेस, म्हणजे फिल्मवरचे चित्र तापल्या तव्याने दाबून कापडावर चिकटवणारे यंत्र. छापलेली डीटीएफ फिल्म मीटरवर विकत मिळते. ती मागवावी, कापावी, शर्टावर दाबावी.

प्रिंटरला विरोध नाही, पण खान्देशची हवा त्याला मानवत नाही. डीटीएफमध्ये रंगांखाली पांढऱ्या शाईचा थर असतो आणि त्याखाली चित्र कापडाला चिकटवणारी पावडर. या शाईतले टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य जड, ते तळाशी बसते. मशीन दोन दिवस बंद राहिले की शाई फवारणारे हेड जाम होऊ लागते. त्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला की शाई नोझलच्या, म्हणजे हेडच्या बारीक छिद्रांच्या, तोंडाशीच सुकते. खोलीत ४० ते ६० टक्के आर्द्रता हवी म्हणून कोणी कूलर लावतो, तर त्याच्या दमट झोताने चिकट पावडरचे गोळे होतात. पावसाळ्यात हीच पावडर फिल्मच्या कोऱ्या भागालाही धरते आणि शर्टावर डिझाइनभोवती कण उमटतात. रोज काम असेल तरच प्रिंटर परवडतो. आठवड्याला दहा-वीस शर्टांवर तो पांढरा हत्ती आहे.

प्रेसचा भार दीड ते दोन हजार वॅट. त्याला १६ अँपियरचे वेगळे पॉवर सॉकेट आणि नीट अर्थिंग हवे. एक्स्टेन्शन बोर्ड वितळतो, घरचा साधा इन्व्हर्टर तर हा भार उचलतच नाही. व्होल्टेज पडले की तवा सावकाश तापतो, म्हणून प्रत्येक शर्टानंतर आकडा पुन्हा वर येऊ द्यावा. शिवाय काट्यावर १६० दिसत असले तरी ते सेन्सरपाशी. कोपरे थंड असू शकतात. इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही कोपरे एकदा तपासून घ्यावेत. कोपऱ्यातली अक्षरे आधी का उखडतात, ते तिथे कळते.

आता कापड. सुरत जवळ, त्यामुळे तिथला स्वस्त माल पटकन डोळ्यांत भरतो. पण सुरत हे प्रामुख्याने पॉलिएस्टरचे गाव. होजिअरीचा सुती शर्ट तिरुपूरचा. व्यापारी सांगेल त्यावर जाऊ नये. शिवणीतून नव्हे, कापडातून एक धागा ओढावा आणि काडीने पेटवावा. सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर आक्रसते, वितळते आणि टोकाला कडक काळा मणी धरते. दोन्ही खुणा दिसल्या तर मिश्र कापड. ही काडी परीक्षा फुकट आहे आणि न केल्यास महाग पडते: लाल किंवा गडद पॉलिएस्टर १६० अंशांवर दाबले की कापडाचाच रंग सुटून पांढऱ्या छपाईत चढतो. दाबताना सगळे छान दिसते. एक-दोन दिवसांत पांढरी अक्षरे गुलाबी होतात. अशा कापडाला १३० अंशांच्या आसपास चालणारी फिल्म मागावी.

मंडळासाठी १८० जीएसएम (कापडाचे वजन चौरस मीटरला १८० ग्रॅम) बायोवॉश (एन्झाइमने धुऊन गुळगुळीत केलेला) सुती शर्ट पुरेसा. क्रिकेटच्या जर्सीला पांढरे पॉलिएस्टर आणि सबलिमेशन बरे, कारण तिथे शाई वायू होऊन धाग्यातच मुरते आणि हाताला थर लागत नाही. सुती कापडावर हाच प्रयोग केला तर दोन-चार धुण्यांत चित्र गायब. एकाच रंगाचे शंभरावर शर्ट असतील तर काम सरळ स्क्रीन प्रिंटिंगवाल्याला द्यावे.

शर्ट आधी ३ ते ५ सेकंद कोरा दाबून ओल काढावी. मग फिल्म कॉलरच्या सुमारे ३ इंच खाली ठेवावी. सुती कापडावर बहुतेक फिल्मना १५० ते १६० अंश आणि १२ ते १५ सेकंद लागतात. फिल्म गरम असताना सोलायची की थंड झाल्यावर, हे विक्रेत्याला विचारूनच घ्यावे. थंडची फिल्म गरम सोलली की अक्षराची कड तिच्याबरोबर उठते. तसे दिसले तर ओढू नये. फिल्म परत टेकवून पुन्हा दाबावे. शेवटी वर टेफ्लॉन शीट (न चिकटणारा, उष्णता सोसणारा पातळ पडदा) ठेवून आणखी ५ ते १० सेकंद. हा दुसरा दाब घाईत वगळला जातो आणि धुण्यात तेच बाहेर येते. ग्राहकाला सांगावे, पहिला दिवस धुऊ नका, नंतर उलटा करून धुवा.

फिल्मचा खर्च डिझाइनच्या मापावर ठरतो. ६० सेंमी रुंद फिल्मच्या एका मीटरात २८ बाय ३२ सेंमीची ६ चित्रे बसतात. तेच १८ बाय २४ केले तर १२. खर्च निम्मा, आणि आपल्या उन्हात ते अंगालाही बरे. छातीभर सलग चौकोन छापला की त्यातून वारा जात नाही, घाम आतच राहतो. मोठे चित्र हवेच असेल तर मध्ये मोकळ्या जागा सोडून ते तोडावे.

मजकुराचीही कटकट असते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेला लोगो फुटतो. डॉक्युमेंट म्हणून मागवावा. अक्षरे कर्व्ह करूनच, म्हणजे फॉन्टऐवजी रेषांच्या आकृतीत बदलूनच, फाइल पाठवावी, नाहीतर समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की ‘श्री’ आणि ‘र्‍या’ सुटे होऊन छापले जातात. अहिराणीतल्या ओळींना मागणी चांगली, पण लेखन गावागणिक बदलते. मजकूर ग्राहकाकडून लिहून घ्यावा. सिनेमातली पात्रे, क्रिकेट संघांची आणि कंपन्यांची बोधचिन्हे परवानगीशिवाय छापून विकू नयेत. ट्रेडमार्क कायदा, १९९९ खाली खोट्या बोधचिन्हाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आहे.

नुसती मालाची विक्री असेल तर वर्षाला ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. ग्राहकाच्या कापडावर छापून देणे मात्र सेवा ठरते, तिथे मर्यादा २० लाख. आणि बऱ्हाणपूर किंवा सुरतच्या गिऱ्हाइकाला शर्ट विकायचे तर राज्याबाहेरची विक्री म्हणून नोंदणी आधीच हवी.

मंडळाकडून एल, एक्सएल अशी यादी न घेता छातीचे इंच घ्यावेत; एकाचा ‘एल’ ४० असतो, दुसऱ्याचा ४२. एक नमुना दाखवून होकार आणि निम्मी रक्कम आधी घ्यावी. चतुर्थीच्या आठ दिवस आधी ऑर्डर बंद करावी, कारण त्या आठवड्यात फिल्मवाल्याकडेही रांग असते आणि नाव चुकलेला शर्ट पुन्हा छापायला वेळ उरत नाही.

— एक छपाई व्यावसायिक, जळगाव