७२९ डॉलरचा दंड आणि ‘नको’ म्हणायची मुभा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या आरोग्य विम्यावर लेख होता, त्यात एक वाक्य होतं की २०१९ पासून इथे विमा काढला नाही तरी दंड बसत नाही. अर्धवट आहे हो ते. केंद्र सरकारचा दंड गेला हे बरोबर, डिसेंबर २०१७ च्या टॅक्स कायद्याने तो शून्यावर आणला आणि ते २०१९ पासून लागू झालं. पण आमच्या न्यू जर्सीने त्याच १ जानेवारीपासून स्वतःचा दंड लावला. वॉशिंग्टन डीसीनेही तेव्हाच, कॅलिफोर्निया आणि ऱ्होड आयलंडने २०२० पासून, आणि मॅसॅच्युसेट्सचा कायदा तर ओबामाकेअरच्याही (म्हणजे विम्याची सक्ती आणणाऱ्या केंद्राच्या २०१० च्या कायद्याच्या) आधीचा, २००६ चा. व्हरमाँटने सक्ती केली पण दंड ठेवलाच नाही, म्हणजे नुसते डोळे वटारल्यासारखं.

असल्याच ऐकीव माहितीवर आमच्या घरातले ७२९ डॉलर गेले म्हणून हे पत्र.

माझ्या भाच्याची नोकरी मे महिन्यात गेली आणि महिनाअखेरीला कंपनीचा विमा संपला. कोब्रा, म्हणजे नोकरी सुटल्यावरही कंपनीचा विमा ठेवू देणारा केंद्राचा कायदा, त्याखाली तोच विमा चालू ठेवायचा तर महिन्याला सातशेच्या वर, कारण कंपनी भरत होती तो हिस्साही आता आपणच भरायचा. मी म्हटलं अरे राज्याच्या विमा विकत घ्यायच्या वेबसाइटवर, गेट कव्हर्ड एनजेवर बघ, सबसिडी मिळेल कदाचित, साठ दिवसांची मुदत असते. तर म्हणे, "मामा, ते सक्ती वगैरे सगळं रद्द झालंय, ग्रुपवर आलंय." मग कॉन्ट्रॅक्टवर काम मिळालं पण तिथे विमा नाही, साठ दिवस केव्हाच उलटून गेले, आणि पठ्ठ्या जून ते डिसेंबर सात महिने तसाच. डिसेंबरात ड्राइव्हवेवर बर्फावरून घसरला. पाय टम्म सुजला तरी अर्जंट केअरला जायला तयार नाही, हिने आंबेहळद-रक्तचंदनाचा लेप लावला, वर क्रेप बँडेज, आणि हा कॅलेंडरवर १ जानेवारीची वाट बघत बसला. नवा विमा सुरू झाल्यावर एक्स-रे काढला तर बारीक फ्रॅक्चर.

मार्चमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याचं रिटर्न भरायला बसलो तेव्हा राज्याच्या टॅक्स रिटर्नमधला विम्याचा तक्ता, ते शेड्यूल एनजे-एचसीसी समोर आलं. कुठल्या महिन्यात विमा होता त्यावर खुणा करा. सलग तीन महिन्यांपर्यंत खंड असेल तर माफ, ह्याचे सात. साठ हजार उत्पन्न, त्यातून दहा हजार वजा, उरलेल्याचे अडीच टक्के, त्याचे सात महिन्यांचे ७२९. चहा गार झाला तरी दोघं आकड्याकडे बघत बसलो होतो.

त्याचा कॉलेजचा मित्र कोलंबसला असतो, त्याचीही नोकरी गेली होती, तोही विम्याशिवाय राहिला, त्याला शून्य. कारण ओहायोत नोव्हेंबर २०११ ला लोकांनी मत देऊन राज्यघटनेतच घालून घेतलं की कोणावर विम्याची सक्ती करायची नाही. त्याआधी ऑगस्ट २०१० मध्ये मिझुरीत ७१ टक्के लोकांनी असंच मत दिलं, ॲरिझोना-ओक्लाहोमातही झालं, कोलोरॅडोत मात्र पडलं. आता राज्याचा कायदा केंद्राला अडवू शकत नाही, त्यामुळे तेव्हा त्याला कोणी फारसं विचारलं नाही, आणि जून २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ५ विरुद्ध ४ ने सांगितलं की हा दंड टॅक्स म्हणून चालेल. पण केंद्राचा दंड गेल्यावर त्या मताचा खरा उपयोग दिसतोय, ओहायोच्या विधानसभेला उद्या न्यू जर्सीसारखा दंड लावावासा वाटला तरी आधी घटना बदलावी लागेल.

मग मी ओहायोच्या बाजूचा का? नाही. न्यू जर्सीने १९९२ च्या कायद्याने कंपन्यांना सांगितलं होतं की आजारी माणसालाही विमा नाकारायचा नाही, पण निरोगी माणसाने काढलाच पाहिजे असं काही म्हटलं नव्हतं. झालं काय, लोक तहान लागल्यावर विहीर खणायला यायला लागले, प्रीमियम चढत गेले, धडधाकट माणसं बाहेर पडली, की पुन्हा प्रीमियम वर. हे इथे घडून गेलंय. शिवाय १९८६ पासूनचा केंद्राचा कायदा आहे की इमर्जन्सीत आलेल्याला हॉस्पिटलने परत पाठवायचं नाही, मग पैसे असोत नसोत. पुण्याचे मेव्हणे फोनवर म्हणतात की गाडीचा विमा सक्तीचा ठीक आहे, माणसाचा कशाला. पण गाडीचा तरी सक्तीचा कुठला, थर्ड पार्टी, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला फटका बसू नये म्हणून. इथेही तेच चाललंय की. दंडाच्या पैशातून राज्य मोठ्या खर्चाच्या पेशंटांचा भार उचलतं, प्रीमियम चढू नयेत म्हणून, तेही मला मान्य.

माझं भांडण त्या तीन महिन्यांच्या माफीशी आहे. आमच्या भाच्याने कुठे स्वातंत्र्याचा झेंडा लावला होता, त्याला विमा हवाच होता, परवडत नव्हता. सात महिन्यांचे कोब्राचे पाच हजारांच्या वर झाले असते, त्यापुढे ७२९ स्वस्तच, म्हणजे ज्याला मुद्दाम ‘नको’ म्हणायचंय तो दंड भरून खुशाल म्हणतोय आणि नोकरी सुटलेला माणूस पायही दुखवून घेतो आणि पैसेही गमावतो. नोकरी गेलेल्याला सहा महिने माफ करा, आणि बेकारीचा अर्ज भरतानाच त्याच स्क्रीनवर विम्याचं विचारा ना, दोन्ही राज्याचंच काम आहे.

तुमच्या लेखात कृपया दुरुस्ती छापा, आणि जमलं तर नोव्हेंबरच्या आत, कारण इथली नोंदणी १ नोव्हेंबरपासून सुरू होते आणि आमच्या एडिसनमध्ये तुमचा ई-पेपर बरेच जण वाचतात. फिरायला आलेल्या आई-वडिलांना इथलं रिटर्न भरायचं नसतं त्यामुळे हा दंड लागत नाही, तेही लिहा, दर उन्हाळ्यात चार जण तरी मला विचारतात.

आपला,
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी