घसा बसणे ही मेहनतीची पावती नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणात नाचणाऱ्या-गाणाऱ्या पोरांना मोकळा महिना असा मिळत नाही. श्रावणात जाखडी या लोकनाचाच्या तालमी लागतात, त्याच सुमारास कॉलेजात युवा महोत्सवाची एकांकिका बसत असते. दिवाळी सरली की राज्य नाट्य स्पर्धा आणि जत्रांतले दशावतार, मग शाळांची स्नेहसंमेलने, फाल्गुनात नमन हे रात्रभराचे लोकनाट्य. एकच मुलगा यातल्या तीन-चार ठिकाणी असतो आणि प्रत्येक ठिकाणच्या मास्तरांना तो फक्त आपलाच वाटतो. बक्षिसांच्या बातम्या आपण आवर्जून छापता, वाचून बरे वाटते. पण बक्षिसाच्या आधी, तालमीत, या मुलांच्या घशाचे, पायांचे आणि झोपेचे काय होते हे कुठे छापून येत नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही नाट्य, गायन, नृत्य शिकवणारी आणि या मुलांवर उपचार करणारी माणसे आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, यातली बरीच दुखणी मुले नाजूक झाल्यामुळे होत नाहीत. ती तालमीची जागा, वेळ आणि व्यवस्था यांतून होतात, आणि या तिन्ही गोष्टी मुलांच्या नव्हे, आयोजक व शिक्षकांच्या हातात आहेत.

आधी घशाचे. ‘घसा बसला म्हणजे तालीम झाली’ असे आपल्याकडे कौतुकाने म्हणतात. प्रत्यक्षात बोलताना स्वरतंतू पुरुषांत सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा आणि स्त्रियांत २०० च्या आसपास एकमेकांना भिडतात. ओरडले की हेच भिडणे आदळणे होते आणि कडांना सूज येते. सुजलेल्या तंतूंवर दुसऱ्या दिवशी पुन्हा तालीम, तिसऱ्या दिवशी पुन्हा, असे चालले की कडेच्या मध्याजवळ दोन्ही बाजूंना गाठी धरतात. वेळीच आवाजोपचार मिळाले तर अशा बहुतेक गाठी शस्त्रक्रियेविना जिरतात. पण ‘प्रयोग होऊन जाऊ दे, मग बघू’ यात तो वेळ निघून जातो.

मुले ओरडतात का, हेही पाहायला हवे. पावसाळ्यातली तालीम देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या शेडमध्ये होते, वर पत्रा. सर आली की शेजारचा माणूस ऐकू येत नाही आणि दिग्दर्शक मागून ‘आवाज, आवाज!’ करीत असतात. माणसाला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की तो नकळत चढवतो, याला शिस्त लावून उपयोग नाही. सर चालू असताना हालचाली, जागा, प्रवेश-निर्गम बसवा, संवाद अर्ध्या आवाजात म्हणू द्या. पूर्ण आवाजातली तालीम दिवसाला एकदाच, तीही पाऊस थांबल्यावर. प्रयोगाला एक स्पीकर कलाकारांकडे तोंड करून ठेवा. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यातही हेच. समोरच्या बुवाच्या भोंग्यापेक्षा आपले ऐकू येत नाही म्हणून कोरसातली पोरे ताणतात, आणि आयोजक मात्र लोकांकडचे भोंगे वाढवत राहतात.

पट्टीचा, म्हणजे पेटीच्या कोणत्या सुराला ‘सा’ धरून गायचे याचाही प्रश्न आहे. पुरुषाची सोयीची पट्टी साधारण काळी एक-दोन, बाईची काळी चार-पाच. संगीत नाटकात दोघांना एकाच पट्टीत गायला लावले की कोणाचा तरी घसा जातो, बहुतेकदा मुलीचा. तिचे पद तिच्या पट्टीत बसवावे, पेटीवाल्याला दोन मिनिटांचे काम आहे. बारा ते पंधरा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटत असतो, कंठाची वाढ चालू असते. त्या वर्षभरात त्याला जेमतेम एका सप्तकात, खालच्या सुरात गाऊ द्यावे. गाणे बंद करण्याचे कारण नाही. ‘आवाज गेला याचा’ म्हणून कोपऱ्यात बसवण्याचे तर मुळीच नाही.

तालमीआधी आणि नंतर पाच मिनिटांचा एक व्यायाम आम्ही सर्वांना सांगतो. अर्धा ग्लास पाणी, सरबताची नळी, नळीचे टोक पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर. ओठ नळीभोवती घट्ट मिटून ‘ऊ’ लावायचा, बुडबुडे सलग यायला हवेत. मग त्याच ‘ऊ’वर खालून वर, वरून खाली मींड, म्हणजे सूर न तोडता घसरत नेणे. बुडबुडे तुटत असतील तर श्वास सुटतोय, मानेच्या शिरा ताठ झाल्या तर जोर जास्त होतोय. मुले हमखास नळी तळापर्यंत बुडवतात. तितक्या खोल पाण्याविरुद्ध फुंकायला ताकद लागते आणि व्यायामाचा हेतूच फसतो.

खडीसाखर, लवंग, ज्येष्ठमध यांवर आमचा राग नाही. पण गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते, स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही. पोचली तर ठसका लागतो. लाळ सुटते, घशाला बरे वाटते, इतकेच. ज्येष्ठमध रोज भरपूर चघळले तर रक्तदाबही वाढतो. स्वरतंतूंपर्यंत पोचते ती वाफ: साध्या पाण्याची, पाच ते दहा मिनिटे, बाम न घालता, आणि पातेले मांडीवर न घेता टेबलावर ठेवून. कुजबुजत बोलणे म्हणजे आवाजाला विश्रांती नव्हे, त्यानेही ताण येतो. सारखे खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट घ्यावा. रात्री अकराला तालीम सुटल्यावर तिखट कालवण-भात खाऊन लगेच आडवे झाले की आम्ल वर येते आणि सकाळी आवाज जड होतो, त्यामुळे जेवण तालमीच्या आधी उरकलेले बरे.

दोन वेळा मात्र घरगुती उपाय बाजूला ठेवायचे. भर प्रयोगात, किंकाळी मारताना वगैरे, आवाज अचानक गेला तर स्वरतंतूत रक्त उतरलेले असू शकते. त्या क्षणापासून पूर्ण मौन, ॲस्पिरिन-आयबुप्रोफेन घ्यायचे नाही, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठायचा. ‘एक इंजेक्शन द्या, रात्रीचा प्रयोग निघू दे’ असे डॉक्टरांना गळ घालणारे निर्माते असतात. त्याने सूज उतरते, जखम तिथेच राहते आणि तिच्यावर दोन तास आणखी ओरडणे होते. दुसरी वेळ म्हणजे तीन आठवड्यांच्या वर टिकलेला घोगरेपणा. तिथे दुर्बिणीने तपासणी हवीच.

आता पाण्याचे, आणि हा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोकणच्या दमट हवेत घाम निथळतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि पाणी मात्र जात राहते. जड कपडे, दागिने, टोप चढवून नाचणाऱ्याला तालमीच्या दर वीस मिनिटांनी चार-सहा घोट हवेत. लांबलेल्या प्रयोगात एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. हे सगळे मुलींना पाठ असते. तरी त्या पाणी पीत नाहीत, कारण तालमीच्या जागी स्वच्छतागृह नसते. दुपारी चारपासून रात्री दहापर्यंत सहा तास कोरड्या राहतात. मग लघवीला जळजळ होते, घसा सुकतो, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि परीक्षक लिहितात: ‘उत्तरार्धात आवाज कमी पडला.’ मासिक पाळीच्या दिवसांत तर काही जणी तालीमच बुडवतात आणि कारण सांगत नाहीत. आतून कडी लागणारे दार, बादलीभर पाणी, दिवा आणि झाकणाची कचरापेटी एवढी सोय होत नसेल तर तिथे तालीम ठेवूच नये. मंडपाच्या कमानीला खर्च करणाऱ्यांना हे परवडत नाही, हे आम्ही ऐकून घेणार नाही.

पायांकडे वळू. पूर्वी जाखडी शेणाने सारवलेल्या खळ्यात नाचत. आता खळ्याला कोबा किंवा लादी आणि हॉलला फरशी. चाळ बांधलेला पाय रात्रभर त्याच कठीण जमिनीवर आपटतो, कथ्थकच्या ततकाराचे, म्हणजे पाय आपटून धरलेल्या तालाचेही तेच. आधी नडगीच्या आतल्या बाजूला लांबट दुखते, ते तालीम कमी केल्यावर उतरते. पण एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा असण्याची शक्यता असते आणि नाच त्याच दिवशी थांबवावा. इथे एक फसगत नेहमी होते. असा तडा पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये दिसेलच असे नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ म्हणून पोराला पुन्हा उभे करतात. मुलीची पाळी तीन महिने चुकली असेल, जेवण तोडलेले असेल आणि वर असे दुखणे असेल तर तिन्ही गोष्टी डॉक्टरांना एकत्र सांगाव्यात, त्यांचा एकमेकांशी संबंध असतो. भरतनाट्यमच्या अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धे बसण्याच्या स्थितीत, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. पाय खुब्यातून न उघडता नुसती पावले वळवली की गुडघा आत पडतो आणि तिथूनच दुखणे सुरू होते.

फरशी उखडता येत नसली तरी वर फळीची जमीन घालता येते. १२ बाय ८ फुटांना ८ बाय ४ च्या १२ मि.मी. मरीन प्लायच्या सहा शीट लागतात. खालच्या थरात तीन शीट शेजारी-शेजारी. वरच्या थरात शीट आडव्या फिरवायच्या: दोन ओळी, प्रत्येक ओळीत मधे एक अख्खी शीट आणि दोन्ही टोकांना दोन-दोन फुटांचे तुकडे. सहावी शीट चार तुकड्यांत कापली की ते बरोबर निघतात. असे केल्याने खालचा सांधा चार आणि आठ फुटांवर येतो, वरचा दोन आणि दहावर. सांधे एकावर एक आले तर तिथेच फळी दबते आणि घोटा मुरगळतो. खालच्या थराला तळातून दर फुटावर दोन इंची चौकोनी, इंचभर जाडीचे घट्ट फोमचे तुकडे चिकटवायचे, सव्वाशे पुरतात. दोन थर २० मि.मी. स्क्रूने जोडायचे आणि स्क्रूचे डोके लाकडात बुडवून वर लांबी (पुट्टी) भरायची, कारण मुले अनवाणी नाचतात. भिंतीपासून अर्धा इंच सोडा, प्लायच्या कापलेल्या कडांना वार्निश मारा, नाहीतर पहिल्याच पावसात कडा फुगतील. लहान मुलांच्या खेळायच्या रबरी चटया मात्र नाचाला घालू नयेत. चक्कर घेताना पाय रुततो आणि गुडघा वळतो.

वादकांना लोक विसरतात. पेटीवाल्याच्या बुडाखाली तीन-चार इंचांची गादी दिली तर कंबर मोडत नाही. कानांचे गणित असे: ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तास सोसतो, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला पंधराच मिनिटे. झांजवाल्याशेजारी बसणाऱ्या पोराच्या कानात कार्यक्रमानंतर शिट्टी वाजत असेल तर त्याची जागा बदला, कानात बोळे द्या.

रंगभूषेचे एकच सांगायचे. शेंदूर हा बहुधा शिशाचा ऑक्साईड असतो, हिंगूळ म्हणजे पाऱ्याचे संयुग. हौसेने ‘अस्सल’ रंग म्हणून हे चेहऱ्याला, विशेषतः ओठांना, लावू नये. रंग उतरवायला खोबरेल तेल, रॉकेल नव्हे. काजळाची कांडी ज्याची त्याने ठेवावी.

दशावतार, नमन पहाटेपर्यंत चालणार, त्यात बदल सुचवण्याचा आमचा विचार नाही. पण प्रयोग संपल्यावर कॉलेजातली पोरे दुचाकीवर तीस-चाळीस किलोमीटर घरी निघतात. सलग सतरा तास जागा असलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावलेला असतो. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. रात्री दोननंतर संपणाऱ्या प्रयोगाला गावाने पोरांना तिथेच पाच-सहा तास झोपायला पडवी, चटई आणि मच्छरदाणी द्यावी. टेम्पोचा चालक वेगळा असावा, नाटकात काम करणारा नसावा.

मनाचे बोलायचे तर रंगमंचावर जाण्यापूर्वी छाती धडधडणे हा आजार नाही, श्वास सोडण्याची लांबी घेण्याच्या दुप्पट ठेवली की दोन-तीन मिनिटांत उतरते. मित्राने दिलेली धडधड थांबवायची गोळी मात्र दमेकऱ्याच्या जिवावर बेतू शकते. खरा त्रास होतो तो चारचौघांत वजनावरून, रंगावरून, बोलीवरून केलेल्या टोमण्यांनी, आणि ते करणारे बऱ्याचदा आम्हीच शिक्षक-दिग्दर्शक असतो. मालवणी हेल काढून टाकायला मुलाला हसावे लागत नाही, सराव द्यावा लागतो. झोप उडाली, जेवण सुटले, जगण्यात अर्थ नाही असे कोणी बोलून दाखवले तर ‘नाटकी आहे’ म्हणून सोडू नका. टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर केव्हाही, मोफत बोलता येते, मराठीतही.

ओरोस आणि रत्नागिरीला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यांनी ऑगस्ट ते मार्च महिन्यातून एक दुपार कलाकार विद्यार्थ्यांच्या घसा, कान आणि हाडांच्या तपासणीसाठी ठेवावी, अशी आमची विनंती आहे.

आपल्याकडेही एक मागणे आहे. स्पर्धांच्या निवेदनात आपण प्रवेश फी आणि बक्षिसांच्या रकमा छापता. त्याच चौकटीत आयोजकांकडून आणखी तीन गोष्टी मागून घ्याव्यात: मंच लाकडी की काँक्रीटचा, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, आणि शेवटचा प्रयोग किती वाजता सुरू होणार. उत्तर आले नाही तर ती जागा रिकामीच छापावी.

आपले,
नाट्य, गायन व नृत्य शिक्षक आणि आवाजोपचार व फिजिओथेरपी करणारे काही जण
कुडाळ, कणकवली, रत्नागिरी