लिनक्सवर जपानी लिहिण्याची सोय सोलापूरच्या संगणककक्षांत व्हावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीला मिळणारी नियमित सुरक्षा-अद्यतने बंद झाली. विंडोज ११ ज्यांच्यावर चालत नाही, पण जे अजून धडधाकट आहेत, अशा संगणकांचे काय करायचे हा प्रश्न त्यामुळे आपल्या शहरातील महाविद्यालयांपुढे, शिकवणी वर्गांपुढे आणि घराघरांत उभा राहिला. काहींनी अशा संगणकांवर उबुंटू किंवा लिनक्स मिंट या लिनक्स कुळातील विनामूल्य प्रणाली बसवून घेतल्या, हे मला मनापासून स्वागतार्ह वाटते. मी संगणक शिकवतो. जपानी शिकणारी मुले-मुली अलीकडे माझ्याकडे एकच तक्रार घेऊन येतात : लिनक्सवर जपानी लिहिता येत नाही, तेव्हा विंडोजची कुठली तरी विनापरवाना प्रत पुन्हा बसवून द्या. ही समजूत खरी नाही. लिनक्सवर जपानी उत्तम लिहिता येते, त्यासाठी पैसे पडत नाहीत आणि जपानी कळफलक विकत आणावा लागत नाही. खरी अडचण अशी की ही जुळणी कशी करायची हे मराठीत सहज वाचायला मिळत नाही, आणि संगणककक्षातील यंत्रांवर काही बसवण्याचा अधिकार विद्यार्थ्यांकडे नसतो. म्हणून आपल्या वृत्तपत्रातून हे सविस्तर मांडण्याची परवानगी घेत आहे.

या सोयीची गरज केवळ हौसेपुरती नाही. जपानी भाषेची जेएलपीटी ही परीक्षा जुलै आणि डिसेंबर महिन्यांत होते, तिच्या एन-५ पासून एन-१ पर्यंत पाच पातळ्या आहेत, आणि सोलापूरचे परीक्षार्थी त्यासाठी पुणे गाठतात. परीक्षा पूर्णपणे बहुपर्यायी आहे, तीत एक वाक्यही लिहावे लागत नाही. परिणामी, चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यालाही जपानी कंपनीला दोन ओळींचा ई-मेल संगणकावर लिहायची वेळ आली की काय करावे ते कळत नाही. जानेवारी २०२१ मध्ये भारत आणि जपान यांच्यात विशिष्ट कौशल्यधारक कामगारांविषयी सहकार्याचा करार झाला, आणि शुश्रूषेपासून कारखान्यातील कामापर्यंत अनेक क्षेत्रांत जाण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. या वाटेने जाऊ पाहणाऱ्या मुलांना अर्ज, माहितीपत्रके आणि पत्रव्यवहार जपानीत करावा लागेल. मोबाइलवर जुळवलेला मजकूर स्वतःलाच पाठवून मग संगणकावर चिकटवण्याचा जो मार्ग आज ती वापरतात, तो किती दिवस पुरणार?

जपानी टंकलेखन आपल्या मराठी टंकलेखनासारखे नाही, हे आधी लक्षात घ्यावे. इनस्क्रिप्ट या मराठी कळफलकाच्या पद्धतीत क ची कळ दाबली की क उमटतो, विषय संपतो. जपानीत हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरमाला आहेत, प्रत्येकीत ४६ मूळ अक्षरे आहेत, आणि त्यांच्या जोडीला चिनी मुळाची कांजी चिन्हे आहेत. नेहमीच्या वापरासाठी जपान सरकारने ठरवलेल्या यादीतच अशी २,१३६ चिन्हे आहेत. एवढी चिन्हे कळफलकावर मावणे अशक्य आहे. म्हणून लिहिणारा उच्चार रोमन अक्षरांत टंकतो, संगणक त्याचे हिरागाना करतो, स्पेस बार दाबला की योग्य कांजी सुचवतो आणि एंटर दाबले की निवड पक्की होते. ही रूपांतराची कल्पना प्रत्यक्षात आणणारे तोशिबा कंपनीचे जेडब्ल्यू-१० हे यंत्र १९७८ साली जाहीर झाले. ते आकाराने टेबलाएवढे होते आणि त्याची किंमत ६३ लाख येन होती. तेच काम आज कुठल्याही जुन्या संगणकावर विनामूल्य होते, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचलीच पाहिजे.

लिनक्सवर या कामाचे दोन भाग असतात, आणि बहुतेक गोंधळ ते वेगळे न ओळखल्याने होतो. पहिला भाग म्हणजे कळफलकावरून आलेली अक्षरे योग्य इंजिनाकडे पोचवणारी चौकट. आयबस आणि एफसीआयटीएक्स-५ या दोन चौकटी प्रचलित आहेत, त्यांपैकी एकच निवडावी. दुसरा भाग म्हणजे प्रत्यक्ष रूपांतर करणारे इंजिन. त्यासाठी मोझ्क वापरावे असे माझे स्पष्ट मत आहे. गूगलने आपल्या जपानी लेखनप्रणालीचा मुक्त भाग २०१० साली या नावाने खुला केला. क्योतो विद्यापीठाशी निगडित असलेले अँथी हे इंजिनही मिळते, पण लांब वाक्यांत मोझ्कची निवड अधिक अचूक असते. हे सगळे रूपांतर संगणकावरच होते, त्यामुळे एकदा बसवून झाल्यावर इंटरनेट नसले तरी काम अडत नाही.

उबुंटूवर 'आयबस-मोझ्क' हे पॅकेज, म्हणजे बसवायचा सॉफ्टवेअर-संच, बसवावे. त्याचे इंग्रजी स्पेलिंग आय, बी, यू, एस, मग आडवी रेघ आणि मग एम, ओ, झेड, सी असे आहे. त्यानंतर लॉग आउट करून पुन्हा आत यावे. ही पायरी अनेक जण गाळतात आणि यादीत मोझ्क दिसत नाही म्हणून प्रयत्न सोडतात. मग सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात इनपुट सोर्सेस, तेथील अधिकचे चिन्ह आणि जपानीज अशा क्रमाने जावे. इथे 'जपानीज' आणि 'जपानीज (मोझ्क)' असे दोन पर्याय दिसतात, आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांची गाडी याच ठिकाणी अडलेली असते. नुसते 'जपानीज' निवडले तर फक्त जपानी कळफलकाची मांडणी लागू होते. अक्षरे इंग्रजीच उमटतात, शिवाय शिफ्टसह २ दाबल्यावर ॲटच्या चिन्हाऐवजी अवतरणचिन्ह येऊ लागते. विद्यार्थ्याला वाटते की संगणक बिघडला. निवडायचे ते 'जपानीज (मोझ्क)'.

यानंतर विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि स्पेस बार एकत्र दाबून भाषा बदलता येते. काही आवृत्त्यांत मोझ्क उघडते तेच थेट इंग्रजीच्या स्थितीत. मोझ्क निवडलेले असूनही रोमन अक्षरेच उमटत असतील, तर वरच्या पट्टीवरील त्याच्या चिन्हावर जाऊन इनपुट मोडमधून हिरागाना निवडावे. जपानी कळफलकावर यासाठी वेगळी कळ असते. ती आपल्याकडे नसल्याने मोझ्कच्या सेटिंग्जमध्ये जाऊन हेच काम सोयीच्या दुसऱ्या कळीकडे एकदाच सोपवून ठेवावे. लिनक्स मिंट वापरणाऱ्यांसाठी मेन्यूत 'इनपुट मेथड' नावाची स्वतंत्र खिडकी आहे. तीत जपानी निवडले की कोणती पॅकेजेस बसवायची आणि कोणती चौकट निवडायची हे तिथेच सांगितलेले असते. एफसीआयटीएक्स-५ निवडल्यास कंट्रोल आणि स्पेस बार यांनी जपानी चालू-बंद होते. एखाद्या प्रोग्राममध्ये जपानी येते आणि दुसऱ्यात येत नाही असे दिसले, तर बहुधा दोन्ही चौकटी अर्धवट बसलेल्या असतात. अशा वेळी नको असलेली काढून टाकावी आणि पुन्हा लॉग इन करावे.

आता लिहिण्याविषयी थोडे, कारण जुळणी नीट होऊनही मुले इथे चाचपडतात. टोकियो हे नाव टी, ओ, यू, के, वाय, ओ, यू असे टंकावे लागते, कारण त्यातील दोन्ही ओ दीर्घ आहेत. मराठीत ओ ला ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही. त्यामुळे जपानी उच्चार देवनागरीत टिपून ठेवणाऱ्या आपल्या मुलांच्या वह्यांत ही लांबी कुठेच नोंदलेली नसते, आणि मग संगणक हवे ते चिन्ह सुचवत नाही. तेलुगू आणि कन्नड या दोन्ही लिप्यांत मात्र ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ यांसाठी वेगळी अक्षरे आहेत. शहराच्या पूर्व भागातील तेलुगू घरांतून किंवा अक्कलकोटकडच्या कन्नड घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या लिपीत टिपणे काढली, तर हा भेद त्यांना आपोआप जपता येईल. शिक्षकांनी हे जरूर करून पाहावे. वाक्याचा विषय दाखवणारा 'वा' हा प्रत्यय एच आणि ए या कळांनी लिहायचा असतो, आणि स्वतंत्र न साठी एन दोनदा दाबणे सुरक्षित असते. स्पेस बार प्रत्येक शब्दागणिक दाबण्यापेक्षा पूर्ण वाक्यांश टंकून मग दाबावा. हाशी या उच्चाराचे पूल, जेवणाच्या काड्या आणि कडा असे तीन अर्थ आहेत, आणि पुढचे-मागचे शब्द समोर असले तरच मोझ्कला योग्य चिन्ह ओळखता येते. परकीय नावे काताकानात हवी असतील तर एफ-७ ही कळ पुरेशी आहे.

अक्षरांच्या वळणाबद्दलही सावध राहावे लागते. युनिकोड या जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या संकेतप्रणालीमध्ये चिनी आणि जपानी लेखनातील अनेक चिन्हांना एकच क्रमांक दिलेला आहे, पण दोन्ही देशांत त्यांची वळणे थोडी वेगळी आहेत. संगणकाने चिनी वळणाचा फाँट उचलला, तर मजकूर बरोबर असूनही जपानी वाचकाला तो खटकतो. मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. ल आणि श यांची मराठी वळणे कोणती हे महाराष्ट्र शासनाने २००९ साली शासननिर्णय काढून ठरवून दिले, तरीही कित्येक फाँटांत आपल्याला हिंदी वळणेच पाहावी लागतात. नोटो सान्स सीजेके हा फाँट बसवून त्यातील जपानी प्रकार निवडला की ही अडचण दूर होते.

आपल्या शहरासाठी यातली मोलाची गोष्ट अशी की हीच चौकट मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूसाठीही चालते. ज्या शहरात एकाच वर्गात चार मातृभाषांची मुले बसतात, तिथे एकाच संगणकावर या सगळ्या भाषा आणि त्यांच्यासोबत जपानी उपलब्ध असणे सहज शक्य आहे. लिनक्सवर मराठी ध्वन्यात्मक पद्धतीने लिहिण्यासाठी जी एम-१७-एन नावाची सॉफ्टवेअर-प्रणाली वापरली जाते, ती जपानच्या राष्ट्रीय प्रगत औद्योगिक विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत विकसित झाली आहे. जपानी अभियंत्यांनी आपल्या लिप्यांची इतकी कळकळ बाळगली असेल, तर त्यांची लिपी लिहिण्याची सोय आपल्या मुलांना करून देण्यात आपण मागे राहू नये, असे मला फार वाटते.

सोलापुरातील महाविद्यालयांच्या आणि सार्वजनिक अभ्यासिकांच्या संगणककक्ष प्रमुखांना माझी विनंती आहे की लिनक्स असलेल्या प्रत्येक यंत्रावर मोझ्क आणि नोटो फाँट एकदाच बसवून ठेवावेत. मोझ्क वापरणाऱ्याचे शब्द लक्षात ठेवते, म्हणून सामायिक संगणकावर त्याच्या सेटिंग्जमधील सीक्रेट मोड चालू ठेवावा, म्हणजे एका विद्यार्थ्याने लिहिलेले नाव-पत्ते दुसऱ्यापुढे येणार नाहीत. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाने याविषयीचे चित्रांसह एक छोटे मराठी माहितीपत्रक संलग्न महाविद्यालयांना पाठवले, तर गावोगावच्या विद्यार्थ्यांचीही सोय होईल. असे माहितीपत्रक तयार करण्याचे काम विनामोबदला करायला मी आनंदाने तयार आहे. इच्छुक संस्थांनी आपल्या कार्यालयामार्फत निरोप दिल्यास मी लगेच मजकूर पाठवीन.

कळावे,
आपला विश्वासू,
एक संगणक शिक्षक, सोलापूर