खोडलेल्या एका ओळीबद्दल

सप्रेम नमस्कार,

तुमचं खरं नाव मला माहीत नाही. तुम्ही बाई की पुरुष, वय काय, काम काय, काहीच ठाऊक नाही. त्यामुळे मायन्यापाशीच अडले होते. पण हे पत्र आज लिहिलं नाही तर राहूनच जाईल, म्हणून बसले.

तुमच्याआधी सौर-पवन विजेवरून इंटरनेटवर माझ्याशी भांडलेल्यांची आठवण आधी काढते, म्हणजे तुमचे आभार का मानायचे ते कळेल. सौर आणि पवन ऊर्जेबद्दल मी एखादी शंका काढली की पहिलं उत्तर ठरलेलं असायचं : ‘तुम्ही कोणत्या पक्षाच्या?’ मी श्रद्धाळू आहे असं एकदा सहज लिहून बसले होते. ते दीड वर्षानं कुणीतरी उकरून काढलं आणि देव मानणाऱ्यांना मेगावॉट काय कळणार, म्हणून चार-पाच जण दोन दिवस हसत होते. शंका राहिली बाजूला. आमच्या बाजूचे तरी काय मोठे शहाणे! मी चुकीचं बोलले तरी माना डोलवायचे. एकानंही टोकलं नाही. मला तर त्यांचाच जास्त राग येतो.

आणि मग तुम्ही आलात. १,००० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला की १,००० मेगावॉटचं कोळशाचं केंद्र बंद करता येईल, असं तुम्ही बिनधास्त लिहिलं होतं. मी तुटून पडले. मेगावॉट ही क्षमता झाली, वीज युनिटांत मोजतात. वर्षाचे तास ८,७६०. चांगल्या उन्हाच्या जागीही सौर प्रकल्प वर्षभराच्या सरासरीनं क्षमतेच्या २० टक्क्यांच्या आसपासच देतो, म्हणजे १७५ कोटी युनिट. कोळशाचं केंद्र ६० टक्क्यांनी चाललं तरी ५२५ कोटी. ‘तिप्पट थापा मारताय’ असं मी म्हटलं. खरं तर याहून वाईट म्हटलं होतं, ते इथे लिहीत नाही.

पुढे काय होतं ते मला पाठ होतं. एक तर माणूस गप्प होतो, नाही तर आपल्या गोतावळ्याला बोलावतो, नाही तर ते वाक्य गुपचूप नाहीसं होतं आणि मीच खोटी पडते. तुम्ही त्या वाक्यावर आडवी रेघ मारलीत. पुसलं नाहीत. रेघेखालून ते स्वच्छ वाचता येत होतं. खाली लिहिलंत, ‘माझी चूक. क्षमता आणि निर्मिती यांत घोळ केला. यांचा हिशेब बरोबर आहे.’ आणि पुढे माझं नाव.

बस्स, एवढंच. पण ती रेघ मी त्या रात्री कितीदा पाहिली असेन! इतक्या वर्षांत अनोळखी माणसानं माझ्यासमोर ‘माझी चूक’ म्हटल्याचं मला आठवत नाही. (मी कुणाला म्हटल्याचंही आठवत नाही, हे नंतर लक्षात आलं.) जिंकल्याचा आनंद वगैरे काही झाला नाही. उलट हातातली काठी कुठे ठेवावी ते कळेना.

तुमचं बाकीचं म्हणणं मी त्यानंतर पहिल्यांदा नीट वाचलं. पॅनल बनवायलाच जास्त कोळसा जळतो हे माझं आवडतं वाक्य. पॅनल बनवतानाचा धूर धरूनही सौर विजेच्या एका युनिटमागे पन्नासेक ग्रॅमच्या आत कार्बन डायऑक्साइड पडतो आणि कोळशाच्या युनिटमागे ८२० ग्रॅम, हा आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या, २०१४ च्या अहवालातला हिशेब तुम्ही मांडलात. अमेरिकेचे डेमोक्रॅट अध्यक्ष कार्टर यांनी १९७९ मध्ये व्हाइट हाउसच्या छतावर पाणी तापवायची सौर पॅनल बसवली आणि रिपब्लिकन अध्यक्ष रेगन यांच्या काळात, १९८६ मध्ये, ती उतरवली. तेव्हा हा डाव्यांचाच छंद, असं मी म्हणत असे. तुम्ही टेक्सस दाखवलंत. उजव्या रिपब्लिकनांचं राज्य, आणि पवनविजेत अमेरिकेत पहिलं. तिथे १९९९ मध्ये अक्षय ऊर्जेचं लक्ष्य ठरवणाऱ्या कायद्यावर सही गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची. माझ्या श्रद्धेवर मात्र तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. तुम्ही स्वतः नास्तिक आहात हे मला फार पुढे, ओघात कळलं.

टेक्ससचं नाव निघालं आणि माझ्या पोटात गोळा आला. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत तिथली वीज पवनचक्क्या गोठल्यामुळे गेली, असं मी वर्षानुवर्षं सांगत आले होते. पुरावा म्हणून हेलिकॉप्टरमधून पात्यांवरचा बर्फ काढतानाचा फोटो लावत असे. तो फोटो स्वीडनमधला, आणि त्या थंडीच्या कित्येक वर्षं आधीचा. चक्क्या गोठल्या हे खरं, पण सगळ्यात जास्त वीज बुडाली ती नैसर्गिक वायूची केंद्रं बंद पडल्यामुळे. आपल्या फोटोत काहीतरी गडबड आहे याचा मला आधीपासून संशय होता, हेही आता कबूल करते. तपासला नव्हता, कारण तपासून हरायचं कुणापुढे? त्या हसणाऱ्यांपुढे?

तुमच्यापुढे हरताना काही वाटलं नाही.

तरी माझं पुरतं समाधान झालंय असं समजू नका. ऊन-वारा नसताना साठवलेली वीज पुरवणाऱ्या बॅटऱ्यांचा तुमचा हिशेब चार तासांचा आहे. सलग आठ दिवस ढग असले आणि वाराही पडलेला असला, तर काय करायचं? जलविद्युतचं नाव काढून सुटका करून घेऊ नका, धरणं सगळीकडे नसतात. घाई नाही, सवडीनं लिहा.

फोटोखालच्या माझ्या ओळीवर मी काल आडवी रेघ मारली. पुसलेली नाही. खाली तुमचं नाव लिहिलंय, जे काही आहे ते.

तुमची,
भांडखोर वाचक