भिंत बांधण्याआधी हद्द

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, शेजारच्या भाईसाहबांना दोन घरांमधल्या नव्या कंपाउंड भिंतीच्या खर्चाला हो म्हणण्याआधी हे पत्र नीट वाचा. ते भले गृहस्थ आहेत, तुमचे संबंध चांगले आहेत, म्हणूनच लिहून घेणं आत्ता सोपं आहे. उद्या त्यांनी घर विकलं तर नव्या मालकाला तोंडी बोलणं कोण पटवणार?

पहिल्यांदा हद्द. रजिस्ट्रीतली, म्हणजे खरेदीखतातली, मापं आणि चौहद्दी (चारही बाजूंना काय आहे ते) काढा, कॉलनीच्या मंजूर नकाशाशी जुळवा. जुनी भिंत म्हणजेच हद्द असं धरून चालू नका. स्टीलच्या टेपनेच मोजा, कापडी टेप ताणली जाते. चारही बाजू मोजून झाल्या की दोन्ही कर्ण घ्या. तीस बाय पन्नासचा प्लॉट काटकोनात असेल तर प्रत्येक कर्ण 58 फूट पावणेचार इंच यायला हवा. दोन्हींत फरक पडला तर प्लॉट कुठेतरी तिरपा आहे.

मोजणीवर एकमत झालं नाही तर भांडू नका, तहसीलदारांकडे सीमांकनाचा, म्हणजे हद्द मोजून ठरवण्याचा, अर्ज द्या. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 च्या कलम 129 मध्ये ती सोय आहे. शेजाऱ्यांना आधी सूचना जाते. मोजणीच्या दिवशी तुम्ही जातीने हजर राहा, आणि काही पटलं नाही तर पंचनाम्यावर तसं लिहूनच सही करा.

आता खर्चाचं. सामाईक नऊ इंची भिंत असेल तर हद्दीच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार इंच, खर्च निम्मा, पुढची दुरुस्तीही निम्मी. एकट्याने बांधायची तर पूर्ण भिंत आपल्या जागेत. इथेच सगळे चुकतात: वरची भिंत हद्दीच्या आत असते, पण पाया रुंद असल्यामुळे जमिनीखाली तो शेजाऱ्याच्या जागेत जातो. मिस्त्रीला बजावून सांगा, पायाचीही बाहेरची कड रेषेच्या आतच हवी.

जुनी भिंत आपल्याकडे का झुकली, तेही सांगते. भाईसाहबांनी अंगण उंच करताना भराव थेट भिंतीला टेकवला. कंपाउंडची भिंत मातीचा दाब पेलायला बांधलेली नसते. पावसात तो भराव पाणी पिऊन जड होतो आणि पाणी निघायला भोकं नसली की भिंत ढकलतो. त्यामुळे भराव अडवायची वेगळी आरसीसी (सळ्या घातलेल्या काँक्रीटची) भिंत त्यांच्या खर्चाने त्यांच्याच जागेत व्हावी, हे मला न्याय्य वाटतं. ते शांतपणे, पण स्पष्ट सांगा.

आपली इंदूरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्यावर टेकवला तर दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीला तिरप्या भेगा जातात. मुरूम लागेपर्यंत खणा, खाली आरसीसीची पट्टी, आणि साडेचार इंची भिंत असेल तर दर आठ-दहा फुटांवर खांब. वरच्या कोपिंगचा, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या थराचा, उतार आपल्याकडे ठेवा, म्हणजे पाणी त्यांच्या अंगणात पडणार नाही. काम दिवाळीनंतर काढा. त्यांच्या बाजूच्या प्लास्टरला मजूर त्यांच्या अंगणातून जातील, ती परवानगीही आधीच लिहून घ्या.

कागदाचं एक फार महत्त्वाचं. त्यांची भिंत तुमच्या जागेत सहा इंच आली आणि तुमच्या परवानगीशिवाय, उघडपणे, मालकी हक्काने बारा वर्षं राहिली, तर लिमिटेशन अ‍ॅक्ट, 1963 (दाव्यांच्या मुदतीचा कायदा) प्रमाणे ती जागा परत मागण्याचा हक्क जाऊ शकतो. नुसती नोटीस पाठवून ही मुदत थांबत नाही. पण ‘जागा यांची आहे, आम्ही त्यांच्या परवानगीने वापरतो’ असं त्यांनी सहीनिशी लिहून दिलं, तर तो कब्जा तुमच्याविरुद्ध मोजला जात नाही. खर्चाचा करार स्टॅम्पपेपरवर नोटरी करून चालेल. मात्र जागेची अदलाबदल करायची ठरली, अगदी अर्धा फूट असली तरी, रजिस्ट्री करावीच लागेल.

आई, कोपऱ्यातल्या कडुनिंबाच्या फांद्या त्यांच्याकडे जातात, त्या आपणच वेळेवर छाटून घेऊ. अख्खं झाड मात्र नगर निगमच्या परवानगीशिवाय कुणालाही तोडू देऊ नकोस.

कराराचा मसुदा हिंदीत करून सोबत जोडला आहे. सही मागण्याआधी भाईसाहबांना दोन दिवस घरी वाचायला द्या.

तुमची,
मंजू